वाजते का?

मागच्या खोलीत रायफलीची नळी मोडल्याचा ‘कट्’ आवाज आला, की पुढच्या खोलीत काकूंचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवरून आपोआप उचलला जायचा. नळी मोडणं म्हणजे काही तोडफोड नव्हे. हवेच्या रायफलीची नळी बिजागरीवर खाली वाकवली, की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि छर्रा भरता येतो, एवढंच. मग नळी पुन्हा सरळ व्हायची, क्षणभर सगळं शांत, आणि ‘ठप्’! छर्रा चिंध्यांनी भरलेल्या पेटीत शिरायचा. चिंध्या काकूंच्याच, पडद्यांच्या आणि गणवेशांच्या कापडातून उरलेल्या. ठप् झाल्यावर काकू थोडं थांबायच्या आणि मग पाय पुन्हा पायडलवर ठेवायच्या.

असं का करता, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. लग्न होऊन नव्या नव्या आल्या होत्या तेव्हा नवरा मागून खेकसला होता, “जरा थांबव गं ते धूड, मला ऐकू दे!” एकदाच खेकसला होता. त्यानंतर तो विसरूनही गेला. काकू मात्र विसरल्या नाहीत. त्या आठवणीने थांबायच्या, पुढे सवयीने थांबायला लागल्या, आणि थांबता थांबता त्यांनाही ऐकायची सवय लागली.

नवऱ्याला नेमबाजीच्या क्लबात सगळे कानसेन म्हणत. स्वतः ते काही फार मोठे नेमबाज नव्हते. पण दुसऱ्याची रायफल एकदा उडवली, की आत काय दुखतंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. दट्ट्याचं सील झिजलंय, लाकडी दस्त्याचा स्क्रू ढिला आहे, कुणीतरी उत्साहाच्या भरात आत नको तेवढं तेल ओतलंय. काकूंचा संसार या कानावर चालला होता म्हटलं तरी चालेल.

लोकांना वाटतं, रायफल ट्यून करणं म्हणजे तिचा जोर वाढवणं. येणारं गिऱ्हाईक हेच मागायचं. कानसेन त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, “तुला हत्ती मारायचाय का कागद?” मग त्यांचं ठरलेलं प्रवचन सुरू व्हायचं, जे काकूंना आता पाठ झालं होतं. स्प्रिंग सुटते, दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवा दाबतो, हवा छर्ऱ्याला बाहेर काढते. काम तेवढंच. पण अडाणी स्प्रिंग छर्रा गेल्यावरही आत थरथरत राहते, खणखणत राहते. पाहुणे गेले तरी हिचं आपलं उंबऱ्यात उभं राहून बोलणं चालूच! जी कामापुरती उसळते आणि मग गप्प बसते, ती रायफल ट्यून झाली. जोर थोडा कमी झाला तरी चालेल, पण प्रत्येक वेळी तेवढाच हवा.

आणि हे गप्प बसवणंही दोन तऱ्हांचं असतं, असं कानसेन सांगायचे. एक सोपी तऱ्हा, म्हणजे स्प्रिंगला काळं चिकट ग्रीस थापायचं. आवाज लगेच बंद. “पण तो दाबलेला असतो, गेलेला नसतो. ग्रीस सरकलं की पुन्हा सुरू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!” दुसरी तऱ्हा मेहनतीची. स्प्रिंगच्या पोटात जी दांडी असते ती लेथवर अशी नेमकी उतरवायची, की स्प्रिंगला थरथरायला जागाच राहू नये. त्यासाठी रायफल उघडायची, दांडी बदलायची, बंद करायची, उडवायची. वाजली की पुन्हा उघडायची. एकेका रायफलीवर कानसेन असे चार-पाच वेळा तरी बसायचे आणि दर वेळी मागच्या खोलीतून स्प्रिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकू यायचा.

गेल्या काही महिन्यांत हा उद्धार बंद झाला होता. कानसेन रायफल उघडायचे, दांडी बसवायचे, बंद करून उडवायचे आणि पहिल्याच फटक्याला खूश होऊन बाहेर यायचे. “अगं, हात बसला बघ आता! सगळं आयुष्य गेलं तेव्हा कुठे कळायला लागलं.” दाढी खाजवत ते हसायचे आणि पाणी प्यायचे. इतकं निवांत हसताना काकूंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या खोलीत पाय उचलून बसलेल्या काकूंना मात्र ठप् नंतर एक बारीक आवाज ऐकू यायचा. ‘झिंग्ग्’. कपाटातली वाटी दुसऱ्या वाटीला लागावी तसा, आणि मग विरत जाणारा.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलाच भास असेल. नंतर वाटलं, ही एखादीच रायफल तशी असेल. पण दुसरी वाजली, तिसरीही वाजली. दारावरची घंटा बिघडली म्हणून कानसेनांनी दोनदा बदलली होती आणि तिसरीही बिघडली म्हणत होते. ती मुळीच बिघडली नव्हती. काकू काय समजायचं ते समजल्या. बोलणं नीट ऐकू येत होतं, ठप् ऐकू येत होतं, पण बारीक, उंच आवाज नवऱ्याच्या कानातून कधीच निघून गेले होते. छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर आकडे ठीकठाक यायचे, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. हात बसला नव्हता, कान बसला होता.

आता हे सांगायचं कसं? सांगितलं तर आई मार खाते, न सांगितलं तर बाप कुत्रं खातो, अशी गत. गिऱ्हाईकं तोंडावर काही बोलत नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून छान छान म्हणत रायफल घेऊन जायची आणि पुन्हा यायची नाहीत. “लोकांना कदर राहिली नाही,” कानसेन म्हणायचे, आणि काकू मिठाची गुळणी धरून कापड कापायच्या. उद्या सांगू, असं रोज म्हणायच्या. पण उद्या तो माणूस पुन्हा हसत बाहेर यायचा.

अशातच शुक्रवारी दुपारी लेक आली. तिला घरात बुटकी म्हणत, कारण लहानपणी ती खरंच बुटकी होती. आता बापापेक्षा डोकंभर उंच झाली होती, नोकरी करत होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, पण नाव काही वाढलं नाही. रविवारी तिची निवड चाचणी होती. स्प्रिंगच्या रायफलींचा वेगळा गट होता आणि त्याच्या संघात यायची तिची दोन वर्षांपासूनची धडपड होती.

“रायफल कुठाय?” कानसेनांनी विचारलं.

“गाडीत आहे. पण असू दे ना बाबा, परवाच तर मॅच आहे. आता कशाला उघडायची?”

“उघडत नाही. नुसतं ऐकतो. दे इकडे.”

बुटकीने आईकडे पाहिलं. काकूंना त्या नजरेचा अर्थ तेव्हा लागला नाही. लेक रायफल ठेवून गेली, उद्या सकाळी न्यायला येते म्हणाली, आणि जाताना दारात उगाचच चपलेचा पट्टा बराच वेळ नीट करत बसली.

मागे ‘कट्’ झालं. काकूंनी पाय उचलला. ठप्.

आणि पुढे काहीच नाही. काकू कान देऊन ऐकत राहिल्या. ना झिंग, ना थरथर. पूर्वीच्या कानसेनांच्या हातची असावी तशी ती रायफल उडाली आणि गप्प बसली. काकूंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी टाचणी तोंडातून काढून हातात घेतली. म्हणजे आपलाच भास होता की काय सगळा?

पण न उघडता राहतील तर ते कानसेन कसले! थोड्या वेळाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पांढऱ्या प्लास्टिकची एक दांडी होती.

“ही माझी नाही,” ते म्हणाले.

काकूंनी हातातली टाचणी कापडात खोचली.

“मी पोलादाची बसवली होती, महिन्यापूर्वी. ग्रीसही माझं नाही. आणि हे बघ, स्क्रूच्या खाचेला डावीकडून ओरखडा. डावऱ्याचं काम आहे हे.” डावरा म्हणजे त्यांचाच जुना शिष्य. त्याने पुलापलीकडे स्वतःचं दुकान टाकलं होतं. “माझ्याकडून ट्यून करून न्यायची, बाबा मस्त झाली म्हणायचं, आणि इथून निघून सरळ त्याच्याकडे जायचं! पोटची पोर ना ही?”

“अहो, काही कारण असेल.”

“कारण काय असायचंय? बाप म्हातारा झाला, नव्या माणसाकडे नवी यंत्रं आहेत. मला सांगायचं होतं तोंडावर! मी काय खाल्लं असतं तिला?” त्यांचा आवाज चिरकला. रागापेक्षा त्यात दुसरंच काही जास्त होतं. “थांब, आत्ता फोन लावतो. म्हणावं, आजपासून रायफल इकडे आणायची नाही. तूही यायचं नाहीस, आलीस तर आईला भेटून जायचं.”

त्यांनी खरंच फोन उचलला. काकूंना त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. हा फोन लागला, तर परवाच्या दिवशी लेक रडक्या डोळ्यांनी निशाणासमोर उभी राहील. चाचणी तर जाईलच, पण बापलेकीत जे तुटेल ते कुठल्या लेथवर पुन्हा जुळायचं नाही. आणि तिचा गुन्हा काय? जो काकूंचा, तोच. दोघींनी मिळून या माणसाला काळं चिकट ग्रीस थापलं होतं.

“फोन खाली ठेवा,” काकू म्हणाल्या. “तिची चूक नाही. वाजत होती ती.”

“काय वाजत होती?”

“तुम्ही दिलेली रायफल. महिन्यापूर्वी. मी इथून ऐकली.”

कानसेनांनी फोन खाली घेतला, पण हातातून सोडला नाही. “माझ्या हातची रायफल वाजत होती.”

“सगळ्याच वाजतात हो, अलीकडे.” आता सुरुवात केलीच होती तर अर्धवट कशाला ठेवायची! “मुख्याध्यापिका बाईंची वाजत होती, त्या जाड्या वकिलाची वाजत होती. बाहेर भिंतीला लावून ठेवलेली ती तपकिरी दस्त्याची, तीही वाजते. तुम्हाला ऐकू येत नाही.”

“मला ऐकू येत नाही!” कानसेन हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. “आणि तुला येतं. आयुष्यात कधी रायफलीला हात लावला नाहीस तू. या मशीनच्या खडखडाटात बसून तुला माझ्या स्प्रिंगा ऐकू येतात?”

“तुम्ही नळी मोडलीत, की मी पाय उचलते.”

“कधीपासून?”

“तुम्हीच सांगितलं होतंत. लग्नाच्या वर्षी.”

कानसेन काकूंकडे बघत राहिले. मग मागे गेले. काकूंना वाटलं, आता दार आपटेल. दार आपटलं नाही. स्क्रू फिरवल्याचा, स्प्रिंग सोडल्याचा, धातू धातूवर ठेवल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ गेला. गरम इस्त्री तशीच राहिली आहे हे काकूंच्या उशिरा लक्षात आलं आणि त्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

“इकडे ये,” आतून हाक आली.

टेबलावर तपकिरी दस्त्याची रायफल होती आणि तिच्या शेजारी तिची पोलादी दांडी बाहेर काढून ठेवली होती. तिच्या जागी त्यांनी एक जुनी, बारीक दांडी घातली होती, स्प्रिंगच्या पोटात भोकात काडी हलावी तशी हलणारी. ग्रीस पुसून कोरडं केलं होतं.

“अशी रायफल वाजायलाच पाहिजे,” कानसेन शांतपणे म्हणाले. “हिला गप्प बसायला काही कारणच ठेवलेलं नाही मी. शिकाऊ पोराला आवाज ओळखायला शिकवताना आम्ही असंच करायचो. डावऱ्यालाही असंच शिकवलं होतं.”

त्यांनी नळी मोडली, छर्रा भरला, नळी सरळ केली. गाल दस्त्यावर टेकवला.

ठप्.

आणि त्या एवढ्याशा खोलीत स्प्रिंग कळवळून उठली. भिंतीवरच्या पान्यांपर्यंत तो आवाज गेला, पत्र्याच्या डब्याला लागला आणि लांबत, बारीक होत राहिला. काकूंचे दात शिवशिवले.

कानसेन गाल न उचलता तसेच थांबले होते. एखादा माणूस दार वाजवून उत्तराची वाट बघत उभा राहतो, तसे. मग त्यांनी हळूच मान वळवली.

“वाजली?”

“वाजली,” काकू म्हणाल्या. आणि खोटं बोलायची आता सोयच उरली नव्हती म्हणून पुढे म्हणाल्या, “अजून वाजतेय.”

कानसेनांनी रायफल टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसले. काकूंना त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण हे हात ठेवायचं दुखणं नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

“गालाला लागत होतं मला,” ते म्हणाले. “दस्ता थरथरतोय, असं. मला वाटलं, माझाच जबडा थरथरतोय. वय झालं म्हणून. कानावर कसली शंका घ्यायची! आणि मी तुला सांगत होतो, हात बसला. दर वेळी. तू काय म्हणत असशील मनात?”

“मी म्हणायचे, उद्या सांगू.”

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी ते थोडे हसले आणि मग डोळे पुसले. काकूंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत कानसेनांनी बुटकीची रायफल पुन्हा जोडली. पांढरी दांडी होती तशी बसवली. बसवताना तिच्यावरून स्प्रिंग पिळून चढवावी लागली, इतकी ती घट्ट होती. “याला म्हणतात काम,” ते स्वतःशीच पुटपुटले. चोराने घरात शिरून भांडी घासून ठेवलेली बघावीत, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सकाळी बुटकी आली. बापाचा चेहरा बघूनच तिला सगळं कळलं. “बाबा, मी...”

“वाजत होती?”

तिने मान खाली घातली. “हो.”

“मग वाजते म्हणायचं!” कानसेन ओरडले. काकू मधे पडणार होत्या, पण पडल्या नाहीत. हे ओरडणं होऊन जाणंच बरं होतं. “मी तुला लहानपणापासून काय शिकवलं? आवाज दाबायचा नाही, घालवायचा. आणि माझाच आवाज दाबता दोघी मिळून?”

“तुम्ही इतके खूश होता, बाबा. मला सांगवलं नाही. मी डावऱ्याकडे गेले तर तो उघडायलाच तयार नव्हता. म्हणाला, उस्तादांची रायफल मी कशी उघडू? रडले तेव्हा कुठे उघडली त्याने. पैसेही घेतले नाहीत.”

कानसेनांनी दस्त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी रायफल तिच्या हातात दिली. “त्याला म्हणावं, दांडी झकास आहे. पण दस्त्याचा पुढचा स्क्रू ढिला ठेवला होतास, तो मी आवळलाय. अजून तेवढं कळतं मला.” आणि ती वळल्यावर म्हणाले, “उद्या छर्रा गेल्यावर लगेच मान उचलू नकोस. घाई असते तुला.”

रविवारी बुटकीची संघात राखीव म्हणून निवड झाली. राखीव तर राखीव. फोनवर ती इतकी जोरात ओरडली, की कानसेनांनाही नीट ऐकू गेलं.

सोमवारी सकाळी काकू मशीनवर बसल्या होत्या. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा उरकायचा होता. मागे ‘कट्’ झालं, त्यांचा पाय उचलला गेला. ठप्. पण या वेळी ठप् नंतर पावलं वाजली आणि कानसेन दारात येऊन उभे राहिले. तपकिरी दस्त्याची रायफल हातात, नाकावर चष्मा. नवी दांडी त्यांनी पहाटेपासून बसून उतरवली होती. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं काकूंच्या तोंडाकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं ते लोखंडाला कान लावत आले होते, तसं.

काकूंना त्या चेहऱ्यावरची आशा दिसली. नाही वाजत म्हणावं, असं पुन्हा एकदा अगदी ओठांवर आलं.

“वाजते,” त्या म्हणाल्या.

“फार?”

“थोडी. शेवटी शेवटी.”

कानसेन मागे वळले. स्प्रिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकू आला, बऱ्याच महिन्यांनी. काकूंनी पाय पायडलवर ठेवला, एक बाही शिवून होत आली, तेवढ्यात मागे पुन्हा ‘कट्’ झालं आणि त्यांनी पाय उचलला.